रायफलीची सही आणि आधारची झेरॉक्स

एनसीसीच्या पोस्टिंगवर सध्या भिलाईत आहे. परवा एक निवृत्त हवालदार भेटायला आले. मूळ साताऱ्याचे, आता इथेच स्थायिक. हातात परराज्यातल्या पोलिसांची नोटीस होती. त्यांच्या नावावर कुणीतरी बँक खातं उघडून फसवणुकीचा पैसा फिरवला होता. ओळखीच्या एका पोराने ‘काका, सिमकार्डाची स्कीम आहे’ म्हणत आधार-पॅनची झेरॉक्स नेली होती, मशीनवर अंगठाही घेतला होता.

“साहेब, रायफल कधी कुणाच्या हातात दिली नाही. आधार मात्र मागेल त्याला दिलं,” ते म्हणाले.

भिलाईची ओळख पोलादाची. पण गेल्या काही वर्षांत हे नाव महादेव सट्टा ॲपमुळेही देशभर गाजलं. या सट्ट्याचा पैसा बेनामी बँक खात्यांच्या जाळ्यातून फिरवला, असा ईडीचा आरोप आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने हे ॲप आणि इतर काही मिळून २२ ॲप व संकेतस्थळं बंद केली. हवालदारसाहेबांचं प्रकरण वेगळं, पण मुद्दा एकच. अशा खात्यालाही कागदावर कुणाचं तरी नाव लागतंच. ते तुमचं-माझंही असू शकतं.

जुलै २०२० मध्ये लष्कराने आम्हाला फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप मोबाइलमधून काढायला लावली. तेव्हा मीही कुरकुरलो होतो. आज वाटतं, त्या हुकमाने वर्दी सांभाळली. वर्दी उतरल्यावर मात्र हुकूम देणारं कुणी नसतं, आणि खरी गरज तेव्हाच असते. पेन्शन ठरलेल्या तारखेला जमा होते, हे ठगांनाही ठाऊक आहे.

माझं मत साधं आहे. ओळख लपवून आज जगता येत नाही. पण ती कोतातल्या रायफलीसारखी सांभाळता येते: कुणाला दिली, कशासाठी दिली, याची नोंद ठेवून.

झेरॉक्सवर आडवी सही करा, तारीख आणि कारण लिहा. चालत असेल तिथे फक्त शेवटचे ४ अंक दिसणारं मास्क्ड आधार द्या. बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. लागेल तेव्हा उघडता येतं. आपल्या नावावर किती सिमकार्ड आहेत, ते ‘संचार साथी’ पोर्टलवर तपासा. पीपीओ किंवा निवृत्तीच्या कागदाचा फोटो कौतुकानेही ग्रुपवर टाकू नका. आणि पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० लावा.

हवालदारसाहेबांसोबत मी पोलीस ठाण्यात गेलो, जबाब नोंदवला. प्रकरण निस्तरायला वेळ लागेल. परतताना त्यांनी खिशातून छोटी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं: ‘आधार प्रत, पोलीस ठाणे, जबाबासाठी.’ खाली तारीख आणि सही.

तुमची वही आजच सुरू करा. जय हिंद!