तळटिपेतला कर

मुंबईलगतच्या दिव्यात अनधिकृत इमारतीतलं घर विकायला बसलेला एजंट गिऱ्हाइकापुढे आधी टॅक्सपावती ठेवतो. पालिका कर घेते म्हणजे घर पक्कं, असा त्याचा युक्तिवाद. कायदा नेमकं उलट सांगतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७अ प्रमाणे अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कर लागतोच. वर त्याच्या दुप्पट शास्तीचीही तरतूद झाली (लहान घरांना पुढे सवलत मिळाली, तो भाग वेगळा). आणि हे पैसे घेतले म्हणून बांधकाम नियमित झालं असं समजू नये, हेही तिथंच लिहिलेलं आहे. म्हणजे घराचा भरवसा नाही, पण कराचा आहे. थकवलात तर दरमहा २ टक्के.

याच दिव्यातून सकाळच्या लोकलला लोंबकळत बीकेसीच्या किंवा लोअर परळच्या अकाउंट्स खात्यात जाणाऱ्यांना दुसऱ्या प्रकारचा कर ठाऊक असतो. तिथं नफा पक्का आणि कर अनिश्चित. आयकर खात्याने वजावट नाकारून मागणी काढली की कंपनी अपिलात जाते. पहिल्या अपिलाचा निकाल लागेपर्यंत साधारण २० टक्के भरले की उरलेल्या वसुलीला स्थगिती मिळते. भरलेले हे पैसे बहुधा खर्चात पडत नाहीत. परत मिळतील या भरवशावर ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला जाऊन बसतात. बाकीची रक्कम ‘संभाव्य देणी’ या टिपेत. त्या वर्षीच्या नफ्याला ओरखडा नाही, लाभांश ठरल्याप्रमाणे. आणि कंपनी खटला हरलीच, तर थकलेल्या मागणीवर व्याज दरमहा १ टक्का. दिव्याच्या घरपट्टीच्या निम्मं!

ही लबाडीच असते असं नाही. व्होडाफोनचं प्रकरण आठवावं. २००७ साली या कंपनीने केमन बेटांवरची एक कंपनी विकत घेऊन हचिसन एस्सारमधला हिस्सा मिळवला. व्यवहार सुमारे ११ अब्ज डॉलरचा, आणि खात्याची मागणी ११ हजार कोटींच्या वर. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खात्याची बाजू घेतली, २० जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची. त्यानंतर सरकारने पूर्वलक्षी प्रभावाने कायदाच बदलला. २०२० मध्ये हेगच्या लवादात सरकार हरलं आणि २०२१ मध्ये संसदेने ती पूर्वलक्षी आकारणी मागे घेतली. एवढ्या वर्षांत कंपनीने या रकमेची तरतूद केली नाही. ती टिपेतच राहिली. शेवटी टीप खरी ठरली.

दुसरी टीप मात्र खोटी ठरली. तीही दूरसंचारातलीच. परवाना शुल्क कोणत्या महसुलावर मोजायचं, हा ‘एजीआर’चा वाद. हा आयकर नव्हे, पण वादातली बरीचशी रक्कम टिपेच्या त्याच रकान्यात पडून होती. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेला आणि व्होडाफोन आयडियाने एका तिमाहीत जवळपास ५१ हजार कोटींचा तोटा जाहीर केला. त्यातला सुमारे निम्मा भार या तरतुदीचा होता. तोवर ज्यांनी शेअर घेतले, त्यांनी टीप वाचली होती का? वाचली असती तरी काय कळलं असतं?

खरं दुखणं इथं आहे. १ एप्रिल २०१९ पासून इन्ड एएस १२ या आयकराच्या लेखामानकाला जोडलेलं परिशिष्ट सी याच अनिश्चित करासाठी आहे. त्यातली एक अट झकास आहे. अधिकारी तपासणी करणारच आणि त्याच्यापुढे सगळी माहिती असणारच, असं धरून हिशेब करायचा. ‘स्क्रुटिनीत आलं तर बघू’ या आपल्याकडच्या लाडक्या धोरणाला तिथं जागा नाही. पण हिशेब झाला की वाचकाला काय सांगायचं, याबाबत हे परिशिष्ट जुन्याच नियमांकडे बोट दाखवतं. अमेरिकेत शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला अशा कराचा तक्ता द्यावाच लागतो: वर्षाच्या सुरुवातीला किती, नव्याने किती, तडजोडीत किती मिटला, शेवटी किती उरला. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एक एकत्रित आकडा आणि त्याखाली साच्यातलं वाक्य: सल्लागारांच्या मते बाजू भक्कम असल्याने तरतूद केलेली नाही. कोणत्या वर्षाचा वाद आणि कोणत्या न्यायालयात, याचा त्यात पत्ता नसतो. आपले पत्ते उघडे झाले तर खातं त्याचा फायदा घेईल, असं कंपन्या म्हणतात. अमेरिकेत असाच तक्ता देऊनही कंपन्या खटले लढतात, तेव्हा हे कारण फार ताणता येत नाही.

सुदैवाने ही माहिती अगदीच दडलेली नाही, फक्त कोणी जात नाही अशा जागी आहे. वार्षिक अहवालात एकत्रित नव्हे, स्वतंत्र ताळेबंदावरचा लेखापरीक्षकाचा अहवाल काढावा. त्याच्या परिशिष्टात मुद्दा सातचा उपमुद्दा ‘बी’ पाहावा. वादात अडकलेली सरकारी देणी तिथं कायदा, रक्कम, वर्ष आणि मंच यांसह मांडलेली असतात. दहा-बारा वर्षांपूर्वीचं प्रकरण अजून आयुक्तांच्याच पातळीवर आहे, हेही तिथं दिसतं. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा कायदा लागू झाला तरी जुन्या वर्षांचे वाद जुन्याच कायद्याखाली चालणार, त्यामुळे ही यादी लवकर आटोपणारी नाही.

एसआयपीवाल्याला सर्वसाधारण सभेत उभं राहता येत नाही. त्याच्या वतीने या वादांबद्दलचा प्रश्न फंडाने विचारायला हवा. ज्यांच्या डीमॅटमध्ये स्वतःच्या नावावर दहा शेअर आहेत, त्यांना मात्र विचारता येतं. लेखापरीक्षकाच्या परिशिष्टातली बेरीज आणि टिपेतला आकडा शेजारी ठेवावा. फरक असण्यात गैर काही नाही, पण तो का आहे, हे संचालकांना सांगता आलं पाहिजे. यंदाच्या सभेची नोटीस आली की प्रश्न आधीच लेखी पाठवून द्या.