भिंतीवरचा नकाशा कोणाचा?

शाळेच्या प्रकल्पवहीसाठी जगाचा नकाशा हवा असला की पूर्वी दुकानातून कोरा नकाशा विकत आणला जाई. आता संगणकाची कळ दाबताच देशांची नावे आणि सीमांसह सारे जग छापून हाती येते. सोय मोठी आहे. पण त्या कागदावर भारताचे मस्तक कसे रेखाटले आहे, हे किती पालक आणि शिक्षक निरखून पाहतात?

परदेशात तयार झालेल्या अनेक नकाशांत जम्मू-काश्मीर तुटक रेषांनी चिरलेले असते आणि अक्साई चीन वेगळ्या रंगात दाखवलेला असतो. सुमारे ३८ हजार चौरस किलोमीटरचा हा भूभाग चीनच्या ताब्यात आहे. शक्सगाम खोऱ्यातील ५,१८० चौरस किलोमीटर भूमी १९६३ साली पाकिस्तानने परस्पर चीनला देऊन टाकली. हा ताबा आहे, हक्क नव्हे. आणि तो फरक संसदेने २२ फेब्रुवारी १९९४ च्या एकमुखी ठरावात निःसंदिग्धपणे मांडला आहे.

मुलाला केवळ रंग भरायचे आहेत, त्यात राजकारण कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु नकाशावरची रेषा हा दावाच असतो, हे चीनने केव्हाच ओळखले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याने प्रसिद्ध केलेल्या ‘प्रमाण नकाशा’त अरुणाचल प्रदेशही आपल्या हद्दीत दाखवला. भारताने त्याचा तीव्र निषेध केला. दिल्लीत निषेध नोंदवायचा आणि वर्गाच्या भिंतीवर मात तसाच खंडित भारत चिकटवायचा, ही विसंगती आपल्या ध्यानात येऊ नये?

भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ पासून या देशाची मोजणी करीत आहे. त्याच्या नकाशाशी विसंगत असा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे हा १९६१ च्या फौजदारी दुरुस्ती कायद्यानुसार गुन्हा असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. मात्र अजाण विद्यार्थ्याला कायद्याचा धाक घालण्यात अर्थ नाही. शिक्षण विभागाने सर्वेक्षण विभागाशी सुसंगत, मराठी नावांचा आणि सहज छापता येईल असा जगाचा नकाशा प्रत्येक शाळेपर्यंत पोहोचवावा. २०११ मध्ये जन्मलेला दक्षिण सुदान आणि २०१८ मध्ये नाव बदललेला एस्वातिनीही त्यात अचूक असावा.

आणि चुकीचा नकाशा हाती आलाच, तर शिक्षकांनी तो फाडून टाकू नये. अधिकृत नकाशाशेजारी ठेवून दोन्ही रेषांतील अंतर मुलांना दाखवावे. त्या अंतरात किती इतिहास दडला आहे, हे कळलेले मूल सीमा कधी विसरणार नाही.