ट्यूबवरचं बारीक अक्षर

मैत्रिणींनो, मे महिन्यातल्या दुपारी आरे-वारेच्या किनाऱ्यावर थोडा वेळ थांबून बघा. गणपतीपुळ्याला निघालेल्या गाड्या थांबतात, मुली पर्समधून ट्यूब काढून चेहऱ्याला सनस्क्रीन लावतात. शेजारीच कोकम सरबत विकणारी बाई पदर पुढे ओढून उभी असते. मुलगी तासाभरात निघून जाते, ती बाई मात्र दिवसभर उन्हातच. मग याची जास्त गरज कोणाला?

आता तालुक्याच्या मेडिकलमध्येही सनस्क्रीन मिळतं, म्हणून आपण ते औषध समजतो. अमेरिकेत ते खरोखरच औषधात मोडतं. घटक, उपयोग, धोके हे सगळं ठरावीक चौकटीत छापावं लागतं. आपल्याकडे मात्र २०२०च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार ते पावडर-क्रीमच्याच पंक्तीत बसतं. त्यामुळे भर जाहिरातीवर. एप्रिल २०२५ मध्ये तर यावरून दोन मोठ्या कंपन्या कोर्टात गेल्या. ऑनलाइन खूप खपणाऱ्या ‘एसपीएफ ५०’ क्रीममध्ये प्रत्यक्षात २०च निघतं, असं लॅक्मेच्या जाहिरातीत सुचवलं होतं. ‘द डर्मा को’ची होनासा कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि हिंदुस्तान युनिलिव्हरने जाहिरात बदलायची तयारी दाखवली. कंपन्यांचं मिटेल हो, पण ट्यूबवरचा आकडा खरा की खोटा, हे आपण घरी कसं तपासणार?

तपासता येत नाही, पण वाचता नक्की येतं. एसपीएफ म्हणजे त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांपासूनचं संरक्षण. ३०चं क्रीम सुमारे ९७ टक्के किरण अडवतं, ५०चं ९८ टक्के. म्हणजे फरक एका टक्क्याचा, किमतीत मात्र बराच असू शकतो! ‘पीए’पुढच्या अधिकच्या खुणा यूव्हीएसाठी, त्वचा काळवंडणं, सुरकुत्या यांचा संबंध या किरणांशी. वापरायची मुदत संपली नाही ना, तेही बघा.

लावायचं किती? चेहरा आणि मानेला दोन बोटांवर मावेल एवढं, बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं. दर दोन तासांनी, आणि घाम आला किंवा पाण्यात गेलं की पुन्हा. टिकलीएवढं लावलं तर ५०चा आकडा कागदावरच राहतो. खाज, पुरळ आलं तर थांबवा, डॉक्टरांना दाखवा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला लावू नका, सावलीतच ठेवा.

आणि हो, सनस्क्रीनने कोणी गोरं होत नाही. सावळ्या त्वचेला थोडं उपजत संरक्षण असतं, पण वांग तिलाही येतात. वाळूवरून आणि फेसाळ पाण्यावरूनही किरण परततात, म्हणून छत्रीखाली बसलं तरी ऊन लागतंच.

रोज ट्यूब परवडत नसेल तर मन खट्टू करू नका. लांब बाह्या, रुंद काठाची टोपी, छत्री यांचा आधार मोठा आहे. खळ्यात आमसुलं वाळत घालायची ती दहाच्या आत किंवा चारनंतर. घरात एकच ट्यूब येत असेल, तर ती कॉलेजच्या लेकीपुरती ठेवू नका. उन्हात राबणाऱ्या आईचाही तिच्यावर हक्क आहे.