मुंग्या पाळा, पण बदलीबरोबर नेऊ नका

फौजी घरात प्राणी पाळणं सोपं नसतं. दर दोन-तीन वर्षांनी बदली, नव्या स्टेशनवर क्वार्टर मिळेपर्यंत दोन खोल्यांत संसार, त्यात कुत्र्याची वेगळी सोय. म्हणून मुलांसाठी काय पाळावं असं कोणी विचारलं, की मी सांगतो, मुंग्या पाळा. त्यातही मोठ्या डोक्याच्या. अट एकच: जिथे सापडल्या, तिथेच सोडून निघायचं. हा लेख त्या अटीबद्दल आहे.

या मुंग्यांच्या घराण्याचं शास्त्रीय नाव फायडोल. जगात हजाराहून जास्त जाती, आपल्याकडेही भरपूर. पाऊस पडला की पंख गाळलेली राणी जमिनीवर फिरताना सापडते. काचेची नळी, तळाला थोडं पाणी, त्यावर कापसाचा बोळा, तोंडाशी दुसरा बोळा आणि अंधार. एवढं पुरतं. राणी काही न खाता पहिल्या अळ्या वाढवते. पुढे साखरपाणी, मेलेली माशी, भरडलेले तीळ. डब्याच्या आतल्या काठाला स्पिरिटमध्ये कालवलेली टाल्कम पावडर लावली, की मुंग्या वर चढत नाहीत.

पाहण्यासारखं असतं ते पुढेच. एकाच आईच्या पोटी दोन तऱ्हांच्या मुली: बारीक कामकरी आणि प्रचंड डोक्याच्या सैनिक. डोकं मोठं म्हणजे मेंदू मोठा नव्हे, त्यात जबड्याचे स्नायू भरलेले असतात. कोण सैनिक होणार, हे अळीच्या खुराकावर आणि त्यातून बदलणाऱ्या संप्रेरकांवर ठरतं. सैनिक पोसणं महाग, म्हणून त्यांची संख्या कमी. युरोपातल्या एका जातीवरचा प्रयोग 1996 मध्ये ‘नेचर’मध्ये आला होता. शेजारच्या परक्या वसाहतीची चाहूल लागली, की ही मुंगी जास्त सैनिक तयार करते. त्याआधी 1984 मध्ये ई. ओ. विल्सन यांनी दाखवलं होतं, की कामकरी फार कमी झाल्या तर याच सैनिक अळ्यांची देखभाल करू लागतात. लंगरवर मनुष्यबळ कमी पडल्यावर कांदे सोललेल्या माझ्या वाचकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

हा छंद आपल्या पेशाला नवा नाही. लेफ्टनंट कर्नल डब्ल्यू. एच. साइक्स यांनी 1835 च्या निबंधात पुण्यातल्या एका मुंगीचं वर्णन केलं. परेड ग्राउंडजवळच्या पडीक जमिनीवर त्यांना गवताच्या बियांचे छोटे ढीग दिसले. पावसाने भिजलेला साठा मुंग्या उन्हात वाळवायला वर आणत होत्या. साइक्स यांनी तिला ‘प्रोव्हिडेन्स’, म्हणजे दूरदृष्टीची, असं नाव दिलं. आज ती फायडोल घराण्यातच मोडते. साइक्स यांनी तिला तिच्या जमिनीवर पाहिलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

कारण याच घराण्यात फायडोल मेगासेफाला ही आफ्रिकी मुंगी आहे. जगातल्या 100 सर्वांत उपद्रवी घुसखोर जातींच्या यादीत तिचं नाव आहे. एका वसाहतीत अनेक राण्या असतात. राणी काही कामकऱ्यांसह चालत निघते आणि शेजारी नवं घर मांडते. लांबचा प्रवास मात्र माणूस घडवतो, कुंड्यांतून आणि मालातून. केनियातल्या लायकिपियामध्ये काय झालं पाहा. तिथल्या काटेरी बाभळीवर राहणाऱ्या स्थानिक मुंग्या हत्तींना चावून झाड वाचवत. मेगासेफालाने त्या मुंग्या संपवल्या, हत्तींनी झाडं मोडली, माळ उघडा पडला आणि सिंहांना दबा धरायला आडोसा उरला नाही. ओल पेजेटा अभयारण्यात सिंहांच्या शिकारीत झेब्र्यांचा वाटा 2003 मध्ये 67 टक्के होता, तो 2020 मध्ये 42 टक्क्यांवर आला. सिंह रानम्हशींकडे वळले. हा अभ्यास 2024 मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. दोन मिलिमीटरच्या मुंगीने सिंहाचा मेन्यू बदलला.

आता आपलं सामान आठवा. काळ्या ट्रंकांच्या मागे ट्रकमध्ये काय असतं? तीस-चाळीस कुंड्या, मातीसकट. माजी सैनिकांच्या अंगणातली निम्मी झाडं तीन राज्यांतून फिरून आलेली असतात. त्या मातीत कोण बसलं आहे, हे कोणी पाहत नाही. त्यात हौसेने पाळलेली वसाहतही गेली, तर ती चूक नकळत झाली असंही म्हणता येणार नाही.

कोणी म्हणेल, मुंग्या सगळीकडे आहेतच, एका कुंडीने काय होतं? अंदमानला विचारा. इंग्रजांनी तिथे चितळ सोडले. त्यांना खाणारा कोणी नव्हता, आणि आज ते जंगलाची कोवळी रोपं संपवतात. मुख्य भूमीवरचा मोठा बेडूकही तिथे पसरतो आहे. तो मत्स्यबीजाबरोबर पोहोचला असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मोठ्या आक्रमणाला एवढीशी सुरुवात पुरते.

सिकंदराबादची आमची वसाहत दीड वर्षाची आहे. पुढची ऑर्डर श्री विजयपुरमची, म्हणजे आपल्या जुन्या पोर्ट ब्लेअरची आली आहे. लेकीचं म्हणणं, “बाबा, डबा छोटा आहे, हँडबॅगेत मावेल.” तिने पाच शाळा बदलल्या आहेत, मैत्रिणी प्रत्येक वेळी मागे राहिल्या आहेत, त्यामुळे तिचा राग मला समजतो. तरीही उत्तर नाही असंच आहे. बेटांवर तर दुप्पट नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. राणी आपल्याच कंपाउंडमधली घ्या, कुरिअरने मागवू नका. बदली आली की सापडली त्याच जागी वसाहत सोडा. कुंड्या शेजाऱ्याला द्या आणि बरोबर फांद्यांची कलमं न्या, माती नाही. नव्या स्टेशनवर पाऊस पडेल, तेव्हा तिथली राणी तिथे सापडेलच.