आपल्या माणसांना थांबवणारा हवा

२० मार्च १९२७ रोजी महाडमध्ये अफवा उठली की अस्पृश्यांना बंद असलेल्या चवदार तळ्याचं पाणी प्यायलेली दलित मंडळी आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद संपत आली होती, परगावची माणसं जेवत होती, काही गाठोडी बांधून निघाली होती. लाठ्या घेतलेला जमाव मंडपात घुसला. अन्न मातीत गेलं. रस्त्यात एकटेदुकटे सापडले त्यांनाही मार बसला. काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला म्हणून ते वाचले.

डॉ. आंबेडकर तेव्हा सरकारी बंगल्यावर होते. शंभरावर माणसं संतापून त्यांच्या एका शब्दाची वाट पाहत होती. त्यांत पलटणीतून निवृत्त झालेलेही होते, हत्यार धरायला त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. मार खाल्लेल्यांच्याच पुढाऱ्याने शांतता राखली, हे महाडने विसरू नये.

आणि गावातले धर्माधिकारी? ‘थांबा’ असं आपल्याच जमावाला त्यांनी सांगायचं होतं. इतिहासात त्यांची नोंद आहे ती तळ्याच्या शुद्धीकरणाची: १०८ घागरी, पंचगव्य, मंत्रोच्चार. फुटलेल्या डोक्यांपेक्षा बाटलेल्या पाण्याची काळजी त्यांना मोठी वाटली.

धर्मगुरूला याहून वेगळं वागता येतं. आफ्रिकेतल्या मोझांबिकमध्ये १९७७ पासून यादवी पेटली होती, सुमारे दहा लाख माणसं गेली. तिथले कॅथलिक बिशप पत्रकं काढून दोन्ही बाजूंना बोलणी करा म्हणत राहिले, सरकारचा राग ओढवूनही. बेइराचे आर्चबिशप जैमे गोन्साल्व्हिस त्याच्याही पुढे गेले. १९८८ मध्ये ते बंडखोरांच्या तळावर जाऊन त्यांचे नेते अफोन्सो धलाकामा यांना भेटले. दोघेही एकाच न्दाऊ समाजातले, त्यामुळे शब्दाला वजन आलं. रोममध्ये संत एजिदियो या संस्थेकडे १९९० साली बोलणी सुरू झाली आणि ४ ऑक्टोबर १९९२ रोजी करारावर सह्या झाल्या. या बिशपांनी नुसता उपदेश केला नाही. चिडलेल्या माणसासमोर ते जाऊन बसले.

महाडचा तंटा यादवीएवढा नव्हता, पण आपल्या लोकांचा रोष पत्करणारी माणसं इथेही निघाली, फक्त ती देवळातली नव्हती. नगराध्यक्ष सुरबानाना टिपणीस तळं खुलं करण्याच्या बाजूने ठाम राहिले. अनंतराव चित्रे परिषदेच्या कामात उभे राहिले. तळ्याच्या हक्कासाठी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा भरलेल्या सत्याग्रह परिषदेला हिंदूंपैकी कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळण्याच्या ठरावामागे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे ब्राह्मण गृहस्थ होते.

त्या डिसेंबरमध्येही बाबासाहेबांनी बोलण्याचं दार लावून घेतलं नाही. तळ्यावर जाण्यास कोर्टाची मनाई होती. ते कलेक्टरला भेटले, त्याला परिषदेत बोलू दिलं, आणि हजारोंच्या उसळत्या समुदायाला सत्याग्रह तहकूब करायला राजी केलं. हक्क मात्र सोडला नाही. मिरवणूक तळ्याभोवती फिरली आणि खटला मुंबई हायकोर्टात १७ मार्च १९३७ रोजी जिंकला गेला. दहा वर्षं लागली!

गावात तेढ वाढली की शांततेची विनंती बहुतेकदा ज्याला मार बसला त्यालाच केली जाते: ‘तुम्ही जरा सबुरीनं घ्या.’ ती मारणाऱ्याला, आणि त्याच्याच माणसाने करायची असते. महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवर हरिनाम सप्ताह होतात आणि कीर्तनकाराचा शब्द तिथे पुढाऱ्यापेक्षा अधिक मानला जातो. चवदार तळ्याची हकिगत, त्या लाठ्यांसकट आणि त्या १०८ घागरींसकट, या कीर्तनकारांनी सप्ताहात सांगावी. समोर बसलेल्यांत तेव्हाच्या जमावातल्या माणसांचे नातू-पणतूही असतील, आणि सांगायचं आहे ते त्यांनाच.