कोण कोणास म्हणाले?

आमच्या शाळेत व्हरांड्याच्या टोकाला एक लहान फळा होता. प्रार्थनेची घंटा होण्याआधी त्यावर सुविचार लिहायचा. आठवीत असताना वर्षभर ते काम माझ्याकडे होतं. त्यासाठी मी दोनशे पानी वही घातली होती. रविवारच्या पुरवण्या, कॅलेंडरची मागची पानं, वाचनालयातली पुस्तकं, जिथे चांगली ओळ दिसेल तिथून ती वहीत उतरवायची आणि रोज एक फळ्यावर लिहायची. खाली लेखकाचं नाव. ते ठाऊक नसलं तर नुसतीच रेघ.

एके दिवशी मराठीच्या बाई फळ्यापाशी थांबल्या. ओळ नाटकातली होती आणि खाली मी नाटककाराचं नाव लिहिलं होतं. "हे कोण कोणाला म्हणतं गं?" बाईंनी विचारलं. मला सांगता येईना. "मग नाटक वाच आणि सांग," म्हणाल्या आणि वर्गावर गेल्या.

प्रश्न परीक्षेतलाच होता. 'कोण कोणास म्हणाले ते लिहा', आणि त्याचाच थोरला भाऊ 'संदर्भासह स्पष्टीकरण करा'. गुण मिळवायचे आणि विसरून जायचं, एवढीच आमची त्याच्याशी ओळख. आज इतक्या वर्षांच्या वाचनानंतर मला मनापासून वाटतं की, एखाद्या ओळीकडून जगण्याबद्दल काही शिकायचं असेल तर त्या प्रश्नाइतका उपयोगी प्रश्न दुसरा नाही. ओळ आपल्यापाशी राहते आणि ती बोलणारा माणूस मागे पडतो. ज्याला उद्देशून ती बोलली गेली, तो तर आठवतही नाही.

कॉलेज सोडताना मैत्रिणीनं मला डायरी भेट दिली. पहिल्या पानावर सुंदर अक्षरात शेक्सपिअर होता: माणसानं आधी स्वतःशी खरं असावं, अशा अर्थाचा. ही ओळ जगभर भेटकार्डांवर छापतात. ती 'हॅम्लेट'मधली. आगरकरांनी ज्या नाटकाचं मराठी रूपांतर 'विकारविलसित' या नावानं 1883 साली प्रसिद्ध केलं, तेच हे नाटक. आता बाईंचा प्रश्न विचारू. कोण म्हणालं? पोलोनियस, राजदरबारातला लुडबुड्या म्हातारा. कोणास? फ्रान्सला निघालेल्या आपल्या मुलाला, लेआर्टीजला. एवढा उपदेश करून मुलाला निरोप देणारा हा बाप पुढच्याच अंकात एका नोकराला मुलाच्या मागावर पाठवतो. वर त्याला शिकवतो की, तिथल्या लोकांत माझ्या मुलाविषयी थोड्या खोट्यानाट्या गोष्टी सोड, म्हणजे खरं काय ते आपोआप बाहेर येईल. शेवटी राणीच्या महालात पडद्याआड लपून दुसऱ्यांचं बोलणं ऐकताना तो मारला जातो.

हे कळल्यावर बरेच जण ओळ टाकून देतात. बोलणाराच असा, मग त्याच्या बोलण्याला काय किंमत, म्हणतात. मला ते पटत नाही. प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग आहेच ना, 'कोणास'. तोच लेआर्टीज शेवटच्या अंकात विष लावलेल्या तलवारीनं हॅम्लेटला जखमी करतो आणि त्याच तलवारीनं स्वतःही घायाळ होतो. मरताना तो राजाचा सगळा कट हॅम्लेटला सांगून टाकतो आणि एकमेकांना क्षमा करू या म्हणतो. बापाचे शब्द बापाला पाळता आले नाहीत, मुलानं ते उशिरा का होईना पाळले. आपल्याला घरात मिळालेल्या किती चांगल्या गोष्टी अशाच, त्या न पाळणाऱ्या माणसांच्या तोंडून मिळालेल्या असतात! हे मला त्या डायरीच्या पानावर कधीच कळलं नसतं.

पावसाळा सुरू झाला की, तुकोबांचा झाडावेलींना सोयरे म्हणणारा अभंग वृक्षारोपणाच्या फलकांवर लागतो. लागू दे, झाडंही लागू देत. पण फलकावर पहिला चरण असतो आणि अभंग तिथून पुढे बराच चालत जातो. त्यात पाखरं आहेत, आभाळाचं छत आहे, बसायला जमीन आहे आणि सगळ्यात शेवटी स्वतःच्या मनाशी चाललेला वाद आहे. हे एकांताचं गाणं आहे. ते म्हणणारा माणूस देहूचा. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात त्याची पहिली बायको अन्न अन्न करत गेली, व्यापार बसला, चारचौघांतली पत गेली. हे चरित्रकारांच्या आधी त्यानं स्वतःच अभंगात सांगून ठेवलं आहे. असा माणूस गावाबाहेरच्या डोंगरावर जाऊन बसतो आणि झाडांना नातेवाईक म्हणतो, तेव्हा 'सोयरे' हा शब्द किती जड होतो. आणि कोणास म्हणतो? तिथे ऐकायला दुसरं कुणी नाही. आपल्याला झाडं लावायला सांगणारी ओळ म्हणून ती आपण वाचतो. मला त्यात अधिक अवघड गोष्ट सांगितलेली दिसते: सगळं गेल्यावर स्वतःशी बोलायला बसता आलं पाहिजे.

पण या प्रश्नाचं खरं मोल मला पुस्तकांच्या बाहेर, आत्याच्या स्वयंपाकघरात कळलं.

आत्याचं सासर भुसावळचं. तिच्या रुखवतात भरतकामाची एक काचेची फ्रेम होती. त्यात चूल, तवा आणि बहिणाबाई चौधरींची ती सगळ्यांना पाठ असलेली ओळ. संसार तापल्या तव्यासारखा असतो, आधी हात पोळतात, मग कुठे भाकरी मिळते, असं सांगणारी. लग्नाआधी आत्यानंच ती दोऱ्यानं भरली होती. फ्रेम स्वयंपाकघराच्या दारावर चाळीस वर्षं राहिली. सासरी काही बिनसलं आणि ती माहेरी आली की, घरातली मोठी माणसं तिला हीच ओळ ऐकवत. "तूच भरलीस ना ती? मग?" आत्या पुढे बोलत नसे. दोन दिवस राहून परत जाई.

बहिणाबाईंचा जन्म 1880 चा, जळगावजवळच्या असोद्याचा. लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, चुलीपुढे काम करता करता त्या गाणी म्हणायच्या, ती मुलानं, सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी कागदावर उतरवली. 1951 साली त्या गेल्या. मग सोपानदेवांनी तो ठेवा आचार्य अत्र्यांना दाखवला आणि 1952 साली 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. म्हणजे हयातीत त्यांनी स्वतःचं पुस्तक पाहिलंच नाही. कुणाला उपदेश करावा म्हणून त्या काही म्हणाल्या नव्हत्या. तवा त्यांचा, पोळलेला हात त्यांचा. कोण म्हणालं? बहिणाबाई. कोणास? स्वतःला. हाच 'कोणास' बदलला की ओळ काय होते पाहा. स्वतःच्या पोळलेल्या हाताकडे बघून म्हटलेले शब्द दुसऱ्या बाईच्या हाताकडे बघून म्हटले की, ते तिला गप्प बसवायचे शब्द होतात. अक्षर एकही बदललेलं नसतं.

आत्या साठीच्या पुढे गेली तेव्हा मी तिला ते पुस्तक नेऊन दिलं. काका जाऊन दोन वर्षं झाली होती. ती रोज दुपारी चष्मा लावून, ओठ हलवत थोडं थोडं वाचायची. लेवा बोली तिच्या सवयीची, त्यामुळे जिथे मी अडखळत होते तिथे ती सरळ वाचत जायची. एका दुपारी तिनं मला हाक मारली. बहिणाबाईंना तिशीत वैधव्य आलं. त्या दुःखाबद्दलचं जे गाणं आहे, त्यावर तिचं बोट होतं. त्यात शेवटाकडे बहिणाबाई ज्योतिषाला सांगतात की, माझा हात बघू नकोस, माझं नशीब मला कळतं, माझ्या दारी येऊ नकोस. आत्यानं ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, "हे तं माले कोनी सांगतलंच नाही."

तव्याची ओळ जिची, तीच बाई ज्योतिषाला दारातून परत पाठवते. सोसणारी आणि कुणालाही आपलं नशीब वाचू न देणारी, दोन्ही एकच. आत्यापर्यंत त्यातली अर्धीच पोचू दिली गेली, कारण तेवढीच घराच्या सोयीची होती. याबद्दल मला आजही राग आहे. तिनं ते गाणं माझ्याकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतलं आणि देवघराच्या फळीवर ठेवलं. फ्रेम मात्र उतरवली नाही. भरतकाम तिच्या हातचं होतं.

इतकं कळूनही मी चुकले, तेही अलीकडेच. 22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचं घर तळमजल्यावर होतं. रात्र त्यांनी वरच्या बिऱ्हाडात काढली. खाली फ्रीज, गाद्या, मुलांची दप्तरं, आईचे जुने फोटो, सगळं पाण्यात. फोन लागायला लागल्यावर मी तिला पैसे पाठवले आणि पाठोपाठ कुसुमाग्रजांच्या 'कणा' कवितेचा शेवट पाठवला. पुरात घर गेलेल्या माणसाला याहून योग्य ओळी कुठल्या, असं मला तेव्हा खरंच वाटलं होतं. चार दिवसांनी उत्तर आलं. "पैसे मिळाले गं." कवितेबद्दल काही नव्हतं.

महिन्याभरानं मी चिपळूणला गेले. भिंतींवर पाण्याची रेघ छातीच्याही वर दिसत होती. घर धुऊन झालं होतं, वास तेवढा जात नव्हता. पायरीवर बसून चहा घेताना ती म्हणाली, "गाळ काढायला माणसं खूप आली. अगदी लांबून आली. संध्याकाळी नुसतं शेजारी बसायला कुणी नव्हतं."

परतीच्या गाडीत मी ती कविता पहिल्यापासून वाचली, आणि बाईंचा प्रश्न पुन्हा समोर आला. कोण म्हणालं? पुरात सगळं गमावलेला विद्यार्थी. कोणास? आपल्या जुन्या सरांना. सगळ्यांच्या तोंडी असलेला, शेवटी येणारा 'लढ' हा शब्द मी आयुष्यभर धीर देणाऱ्याचा समजत आले, तो तर मागणाऱ्याचा निघाला. हा माणूस चिखल काढतो आहे, पडलेली भिंत बांधतो आहे, झुंजायला त्याला कुणी सांगायची गरज राहिलेली नाही. तो पावसात भिजत आला आहे, कारण त्याला एकटं वाटलं. सरांचा हात खिशाकडे जातो तेव्हा तो उठतो, हसतो, पैसे नको म्हणतो आणि पाठीवर हात ठेवायला सांगतो. मी त्याचं मागणं उचलून माझ्या मैत्रिणीला हुकमासारखं पाठवलं होतं. माझाही हात आधी खिशाकडेच गेला होता.

मैत्रिणीकडे आता मी दर दोन-तीन महिन्यांनी जाते. कविता पाठवत नाही.

आठवीतली ती वही अजून माझ्याकडे आहे. या पावसाळ्यात मी ती काढून बसले आहे. एकेका ओळीपुढे ती कोण कोणास म्हणालं ते लिहिते. पुस्तक घरात नसेल तर वाचनालयातून आणते. तुमच्याकडेही अशी वही असेल, नाहीतर फोनमध्ये साठवलेल्या ओळी असतील. त्यातली सगळ्यात लाडकी एक घ्या आणि ती जिथून आली ते पुस्तक या आठवड्यात उघडा.

'कणा' आधी उघडलीत तर शेवटाशी जरा थांबा. विद्यार्थी आपलं मागणं सांगतो आणि कविता तिथेच संपते. सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला की नाही, हे कुसुमाग्रजांनी लिहिलेलं नाही.