चकाकते ते सगळे लाखेचे नव्हे

संपादक महाशय,

तान्ह्या पोळ्यावरील आपल्या लेखात चकचकीत लाकडी नंदी सरसकट लाखकामात घातले आहेत, वर त्या कामाचे मूळ जपानी लॅकरमध्ये शोधले आहे. दोन्ही चूक.

जपानी उरुशी हा झाडाचा चीक. दमट हवेत तो घट्ट होतो. आपली लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवरच्या किड्यांचा स्राव. ती उष्णतेने वितळते, म्हणूनच खरादावर फिरत्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणानेच थर चढतो. उरुशीला हे जमायचे नाही. आणि लाक्षागृहाच्या कथेसाठी व्यासांना जपान गाठावे लागले नव्हते.

नंदी तर कोरलेला. खरादावर उतरलीच तर त्याची चाके. आमच्या बाजारातल्या बहुतेक नंदींवर ऑइल पेंट आणि वार्निश असते. लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश केले असेल, तेवढ्यापुरता लेखकाचा शब्द चालेल. खात्री हवी तर कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा घासावा; चपडा लगेच चिकट होतो. आमच्या गावच्या गोटमार जत्रेत जाम नदीत रोवतात तो पळसच, पण पळस दिसला की लाख आलीच, असे नसते.

— एक वाचक, पांढुर्णा (म. प्र.)